द्वारकाबाईंची उलटी शिकवणी

सिल्लोड तालुक्यातल्या निम्म्या लग्नांमागे आपला हात आहे, असं द्वारकाबाई स्वतःच सांगत. उरलेली निम्मी आपल्याला न विचारता जमवली म्हणून नीट चालत नाहीत, असंही त्याच सांगत. मुलगी दाखवायची कशी, ही विद्या त्यांच्याइतकी कुणालाच येत नव्हती. पदर कुठं, नजर कुठं, पोह्यांची बशी आधी कुणापुढं धरायची, सगळं त्या पढवून ठेवत. त्यामुळे धाकटी लेक शिवकन्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेली आणि कॉलेजात कंपन्या मुलं बघायला येतात असं तिनं सांगितलं, तेव्हा द्वारकाबाईंना हर्षवायू व्हायचाच काय तो बाकी राहिला. बघायला येतात? मग हे तर आपलंच काम!

"नजर खाली ठिवायची," त्यांनी फोनवर लेकीला पढवलं. "इचारलं तेवढंच बोलायचं. आगाऊपणा करायचा नाय. शेवटाला तुला काय इचारायचंय का म्हणले, तर नाय म्हणायचं. पोरगी गरीब स्वभावाची दिसली पाह्यजे."

शिवकन्येनं आईचं ऐकलं. दोन कंपन्या आल्या आणि तिला न घेताच निघून गेल्या. आता तिच्या शाखेसाठी पुण्याची एकच कंपनी उरली होती, ती शुक्रवारी यायची होती. तीही हुकली तर शहरातली खोली सोडून घरी यायचं, असं रामकिसनरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, अण्णांनी, सांगून टाकलं होतं. घरी आल्यावर पुढं काय होतं, हे द्वारकाबाईंपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? इतरांच्या मुलींच्या बाबतीत त्यांनी ते हौसेनं केलं होतं. स्वतःच्या मुलीला मात्र इतक्यात उजवायचं त्यांच्या मनात नव्हतं. पोरीनं रात्र रात्र अभ्यास केलेला त्यांनी डोळ्यानं पाहिला होता.

अशातच कॉलेजनं पालकांची सभा बोलावली. कॉलेजात प्लेसमेंट सेल म्हणून एक खातं असतं, ते नेमकं करतं काय, हे आईबापांना समजावून सांगायचं होतं. रामकिसनरावांचा मका त्याच दिवशी बाजारात न्यायचा होता, म्हणून द्वारकाबाई एकट्याच एस.टी.नं शहरात आल्या आणि सभागृहात थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

त्या खात्याच्या प्रमुख सगीरा मॅडम होत्या. बारीक चणीच्या, पण आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा.

"आम्ही नोकऱ्या वाटत नाही," त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "कंपनीला इथपर्यंत आणणं आमचं काम. मुलांची तयारी करून घेणं, सरावाची मुलाखत घेऊन चुका दाखवणं, कुठली कंपनी कशी आहे ते सांगणं, हेही आमचंच. पण आत बसून बोलायचं मुलांनीच. तिथं मी जात नाही, तुम्हीही यायचं नाही."

मागून एक फेटेवाले गृहस्थ उठले. "म्याडम, आमदारसायबाचा फोन लावून देऊ का?"

"लावा की," मॅडम म्हणाल्या. "साहेबांना मुलाखत द्यायची असेल तर त्यांचंही नाव घेते."

सभागृह खो खो हसलं आणि गृहस्थ मटकन खाली बसले. द्वारकाबाईंना तर मॅडम फारच आवडल्या. स्थळ दारात आणायचं, दोन्हीकडची माणसं ओळखून असायचं आणि खात्री कशाचीच द्यायची नाही. ही बाई तर आपल्याच जातकुळीची!

सभा संपल्यावर शिवकन्येचा हात धरून त्यांनी मॅडमना गाठलं. "म्याडम, म्या बी ह्याच धंद्यातली. सांगा, आमच्या पोरीचं घोडं कुठं अडलंय?"

मॅडमनी शिवकन्येकडे पाहिलं. "सांगू का गं?" तिनं मान हलवली.

"मार्क चांगले, प्रोजेक्ट चांगला. दोन्ही कंपन्यांनी एकच सांगितलं. मुलगी मान वर करत नाही, एका शब्दात उत्तर देते. काही विचारायचंय का म्हटलं, तर नाही म्हणते. जिला काहीच विचारायचं नाही, तिला कामात रस आहे हे त्यांना कळणार कसं? सरावात मी कितीदा टोकलं. पण कुणीतरी लई पक्कं शिकवून ठेवलंय हो."

शिवकन्या खिडकीबाहेर बघायला लागली. द्वारकाबाईंना घाम फुटला. चूक लपवायची सवय त्यांना धंद्यानं लावलेली होती, पण इथं ती चालणार नव्हती.

"कुणीतरी नाय वो," त्या म्हणाल्या. "म्याच."

मॅडम हसत सुटल्या. "मग तुमचं शिकवलेलं तुम्हीच पुसून काढा आता. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

झालं! द्वारकाबाईंनी घरी फोन करून मुक्काम वाढवला. शहरातल्या औरंगपुऱ्यामागच्या लेकीच्या खोलीत त्या नाकावर चष्मा चढवून पलंगावर बसायच्या आणि कंपनी व्हायच्या. शिवकन्या समोर स्टुलावर.

"मान वर. आणखी वर. माझ्या डोळ्यात बघ. आता तू काय बनवलं ते सांग, अन् मला झोप आली तरी थांबू नको!"

पहिल्या दिवशी शिवकन्या हसून हसून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी बोलायला लागली. गुरुवारी तर असं धडाधड बोलली, की त्यातलं अक्षरही न कळता द्वारकाबाईंच्या अंगावर काटा आला. मग त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला. "तुला काय इचारायचंय?"

"विचारायचंय. पण कंपनीला नाही, तुला." शिवकन्येनं नजर हलवली नाही. "अण्णा तुला बघायला आले तेव्हा तुला असं कुणी म्हटलं असतं, तर तू काय विचारलं असतंस?"

द्वारकाबाई हसायला गेल्या, पण हसू आलंच नाही. तेव्हा त्या नववीत होत्या.

"शाळेत जाऊ देता का, एवढंच इचारलं असतं."

"मग का नाही विचारलंस?"

"इचार म्हणलं कोण?"

द्वारकाबाईंना फार वाईट वाटलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला आणि दरडावलं, "चल, पुढं बोल. कंपनीला येळ नाय!"

शुक्रवारी कॉलेजच्या व्हरांड्यात द्वारकाबाई बसत होत्या, उठत होत्या, पुन्हा बसत होत्या. शिवकन्या आत गेली ती लवकर बाहेर येईना. आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"काय इचारलं गं?"

"त्यांनी विचारलं ते सगळं सांगितलं. मग मी विचारलं."

"काय?"

"पहिले काही महिने मला शिकवणार कोण. रात्रपाळी असली तर गाडी खोलीच्या दारापर्यंत सोडती का. अन् मागच्या वर्षी घेतलेल्या मुली टिकल्या का, नसतील तर का गेल्या."

"अगं बाई!" द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढं? इचार म्हणलं म्हणून उलटतपासणीच घ्यायची?"

"आई, त्यांनी खुर्ची पुढं ओढून उत्तरं दिली."

तरी द्वारकाबाईंचा जीव काही थाऱ्यावर येईना. दुपारी सगीरा मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी निवडलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. दोन नावं झाली, तिसरं झालं आणि चौथं नाव शिवकन्येचं! द्वारकाबाईंनी अशी आरोळी ठोकली, की वरच्या मजल्यावरून पोरं वाकून बघायला लागली. त्यांनी लेकीला कवटाळलं, मग मॅडमना कवटाळलं आणि रडत-हसत रामकिसनरावांना फोन लावला.

"अवो, जमलं! पुण्याच्या माणसांनी आपली पोरगी पसंत केली!"

"काय सांगती! खरंच?"

"व्हय! अन् ऐका की," द्वारकाबाईंचा आवाज साऱ्या व्हरांड्यात घुमला, "आधी पोरीनं त्यांना पसंत केलं!"