अस्करच्या शेडमधले जर्मन ग्लायडर

इंजिन नसलेल्या विमानाला ग्लायडर म्हणतात, मित्रांनो, आणि मी त्यांपैकीच एक जुने, पण पक्क्या हाडाचे ग्लायडर आहे. बहरीनमधल्या अस्कर गावात, अॅल्युमिनियमच्या कारखान्यापलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझी बरीच वर्षे गेली. सगळे मला 'इंग्रजांचे विमान' म्हणत. ते चूक होते. मला ते ठाऊक होते. पण लाकडाला विचारतो कोण?

माझा जन्म जर्मनीतला. हलके लाकूड, पातळ प्लायवूड, सरस आणि पंखांवर ताणून बसवलेले कापड एवढ्यातून मी घडले. ज्या सुतारांनी मला घडवले त्यांचा हात इतका सफाईदार होता, की माझ्या सांध्यात नखही शिरत नसे. मग कोणीतरी माझ्या शेपटीवर लाल पट्टा, त्यात पांढरे वर्तुळ आणि वर्तुळात एक काळी, तिरकी खूण रंगवली. तेव्हा तिथे ज्यांचे राज्य होते त्यांची ती खूण. मी ती मागितली नव्हती. माझ्यात बसून कोवळी पोरे उडायला शिकली आणि पुढे मोठ्या लढाऊ विमानांत गेली. त्यांतली फार थोडी परत भेटायला आली.

युद्ध संपले. जर्मनी हरली आणि आमच्या मैदानावर इंग्रज हवाई दल उतरले. माझी कितीतरी भावंडे त्यांनी ढीग करून जाळली. मलाही ओढत नेले होते. तेवढ्यात एका वैमानिकाने माझ्या पंखावर बोटाने टकटक केले, कान देऊन आवाज ऐकला आणि सोबत्यांना म्हणाला, "याला हात लावू नका. हे अजून उडेल." त्याने शेपटीवर दुधाळ रंगाचे जाड हात मारले आणि खूण झाकून टाकली. युद्धात बाँब टाकून थकलेले ते लोक सुट्टीच्या दिवशी माझ्यात बसून नुसते ढगांखाली फिरत. आवाज नाही, बंदूक नाही. माझे ते सर्वांत सुखाचे दिवस.

पुढे त्यांची बदली बहरीनला झाली आणि मालवाहू जहाजातून मीही आले. इथल्या तापलेल्या वाळवंटावरून हवा अशी झपाट्याने वर चढते, की मी घारीसारखे गोल गोल वर जाई. मला दोराने ओढून हवेत सोडणारा ट्रक अस्करचेच एक गृहस्थ चालवत; आजच्या शेडमालकिणीचे, सुहाचे, ते आजोबा. इंग्रज देश सोडून गेले तेव्हा मला त्यांच्या हवाली करून गेले. आजोबांनी माझे पंख सोडवून नीट बांधले, ताडपत्री घातली आणि जिवंत होते तोवर कोणाला धक्का लावू दिला नाही. ते गेल्यावर मात्र माझ्याकडे कोणी वळून पाहिले नाही. एका मांजरीने माझ्या बैठकीत पिल्ले घातली, तेवढीच काय ती सोबत.

आता ती शेड सुहाच्या वाट्याला आली होती. शाळेत शिकवणारी, चटपटीत बाई. तिला तिथे घर बांधायचे होते, म्हणून शेड पाडायची ठरली. राजधानी मनामाच्या बाजारात खानावळ चालवणारे जयप्रकाश मूळचे गिरगावचे. त्यांनी मला मागून घेतले. खानावळीच्या छताला मला टांगायचे त्यांच्या मनात होते. पण माझे पंख त्या खोलीहून लांब! म्हणून त्यांनी कश्मिराला बोलावले. ती पुण्याची, इथल्या विमानतळावर विमानदुरुस्तीची इंजिनिअर. मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झालेली.

"तू विमानांतली माणूस," जयप्रकाश म्हणाले. "पंख कुठून कापले तर शोभा जाणार नाही, तेवढं सांग. करवत आणलीच आहे मी."

कश्मिराने ताडपत्री ओढली. माझे नाक पाहिले आणि पंखांच्या फासळ्यांवरून हात फिरवला.

"काका, मी हडपसरला ग्लायडर उडवायला शिकले," ती म्हणाली. "हा आकार मी जुन्या चित्रांत पाहिलाय. हे जर्मन असावं."

"काहीतरीच! हे इंग्रजांनी सोडलेलं. सुहाला विचार."

"इंग्लंडमध्येही युद्धानंतर याच घाटाची ग्लायडरं बनली होती. म्हणूनच खात्री करायची. ती होईपर्यंत करवत गाडीत ठेवा."

तिने गाडीतून पान्यांच्या दोन पेट्या आणल्या. इंग्रज कारागीर इंचात मोजत, जर्मन मिलिमीटरमध्ये. पंखाच्या मुळाशी असलेल्या बोल्टला तिने इंचाचा पाना लावून पाहिला. तो सैल फिरला. दुसरा लावला, तो बसेचना. मग मिलिमीटरचा पाना घेतला आणि तो अस्सा चपखल बसला, की माझ्या अंगातून शिरशिरी गेली. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला माझ्या मापाने मोजत होते! पोटाखालच्या एका बदललेल्या पट्टीचे बोल्ट तेवढे इंचाचे निघाले.

"जन्म जर्मनीत, दुरुस्ती इंग्रजांची," कश्मिरा हसून म्हणाली. "आता शेपूट."

तिने दुधाळ रंग हळूहळू खरवडला. खालून लाल पट्टा दिसला, मग पांढरे वर्तुळ, आणि शेवटी ती काळी खूण.

जयप्रकाश आनंदाने ओरडलेच. "अगं, हे तर आपलं स्वस्तिक! शुभचिन्ह! यावर ताजा रंग मारू. फोटो काढायला गिऱ्हाइकांची रांग लागेल बघ."

"नाही, काका." कश्मिराचा आवाज बदलला. "आई दारात कुंकवाने काढते ते हे नव्हे. ही खूण मिरवणाऱ्यांनी लाखो निरपराध माणसं मारली. लेकरंसुद्धा सोडली नाहीत. हिच्याखाली बसून तुमच्याकडचा वरणभात कोणाच्या घशाखाली उतरेल?"

फोटोसाठी वर धरलेला फोन जयप्रकाशांनी ओशाळून खिशात ठेवला. दारात उभ्या सुहाला बोलण्याचा रोख कळला; बाजारात शिकलेल्या हिंदीत तिने विचारले, "फिर यह हवाई जहाज खराब है?"

"जहाज का क्या कसूर?" कश्मिरा म्हणाली. "पण हे काय होतं ते लपवायचं नाही आणि मिरवायचंही नाही."

मित्रांनो, मलाही अगदी हेच म्हणायचे होते.

सुहाने माझ्या पंखावर हात ठेवला. मग ठामपणे म्हणाली, "खलास. काटना मफी, नहीं काटना. मेरे दादा ने पूरा रखा था, पूरा ही रहेगा।"

"पण शेड पडणार ना तुझी?" जयप्रकाश म्हणाले, आणि स्वतःच पुढे बोलले, "हमद टाउनला माझं गोदाम आहे, लांबलचक. तांदळाची पोती एका बाजूला सारतो. पंख न कापता मावेल."

तो हिवाळा माझ्या दुरुस्तीत गेला. कश्मिराने फाटलेले कापड बदलले, सुटलेले सांधे बसवले. शेपटीवरचा खरवडलेला भाग तिने तसाच ठेवला आणि शेजारी सुहाने अरबीत, जयप्रकाशांनी मराठीत माझी खरी हकीकत लिहून लावली. माझा सरस आता म्हातारा झाला आहे. आकाशात मी पुन्हा जाणार नाही, हे कश्मिराने सुरुवातीलाच सांगितले. मी रडले नाही. जे उडले, ते भरपूर उडले.

मग एका शुक्रवारी मला पंख जोडून गोदामाबाहेर वाऱ्याकडे तोंड करून ठेवले. उत्तरेचा शमाल वारा सुटला होता. कश्मिरा आत बसली. जयप्रकाशांनी पंखाचे टोक धरले होते, कारण मी पोटाखालच्या एकाच पट्टीवर टेकते आणि एरवी एका अंगाला कलंडते.

"सोडा, काका."

"अगं, पडेल ते!"

"सोडा तर."

त्यांनी हात काढला. कश्मिराने दांडा किंचित हलवला, माझ्या पंखांच्या झडपा वळल्या आणि वाऱ्याने मला तोलून धरले. जमिनीवरच, पण कोणाच्याही आधारावाचून माझे दोन्ही पंख सरळ रेषेत स्थिर राहिले. जयप्रकाश टाळ्या वाजवू लागले.

मित्रांनो, तुमच्याही घरात, गावात एखादी जुनी वस्तू धूळ खात असेल. तिच्यावर करवत चालवण्याआधी तिच्या मापाचा पाना शोधा. तिचे चांगले सांभाळा आणि वाईटही पुसू नका. एवढे केलेत तर आमच्यासारख्यांचे आयुष्य वाया गेले नाही.

तेवढ्यात सुहा स्कार्फ घट्ट बांधत पुढे आली आणि कश्मिराला म्हणाली, "यल्ला, उतर! अब मेरी बारी।"