उघड्या हाताने

"इरमाबाई, तो जुना फुफ्फुसाच्या गाठीचा तुकडा काढा हो आज. शेवटचाच राहिलाय, संपवून टाकू," डॉक्टर रोमिना दारातूनच म्हणाली. हातात 'माते'चा, म्हणजे तिकडच्या कडू पाल्याच्या चहाचा, पेला होता, तो घेऊन प्रयोगशाळेत यायची सोय नव्हती.

प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या इरमाने हातातलं काम खाली ठेवलं. डबीवर नाव नसतं, नुसता आकडा. पण ती डबी फ्रीजरमध्ये इरमानेच ठेवली होती, आणि आत तिचा नवरा होता. वाल्तेर. मोंतेविदेओत जन्मभर बस चालवलेला, महाबडबड्या. गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायच्या संमतीवर सही करताना म्हणाला होता, "ने गं, ने. दफनभूमीत महिन्याकाठी येशील, फ्रीजरपाशी रोज येशील." मेल्याला मरतानाही चेष्टाच सुचली. पण खरंच, फ्रीजरची मूठ धरून ती रोज पुटपुटायची, "आले रे." घरी दुसरं होतं कोण बोलायला?

"दुसरा एखादा नाही का चालणार?"

"नाही ना! इतका चांगला राखलेला दुसरा नाहीच. आरएनएचे काही बारीक तुकडे पेशींच्या वाढीला लगाम घालतात. ह्या गाठीत तो लगामच हरवलाय का, एवढंच बघायचंय. तसं निघालं तर पुढच्या माणसांचं दुखणं लवकर कळेल. जरा जपून हं, बाई."

"मला शिकवतेस होय गं?" इरमा म्हणाली आणि तिने डबी बाहेर काढली.

खलात द्रव नायट्रोजन ओतला, वाफ उठली. चिमट्यात वालाच्या दाण्याएवढा वाल्तेर. इतकी वर्षं रोज भेट, पण स्पर्श असा नाहीच. एकदा, फक्त एकदा बोट टेकवावं! तिने हातमोजा काढलासुद्धा. पण उघड्या बोटाचा घाम लागला की आरएनए नासतो. मग सगळाच फुकट गेला असता बिचारा.

तिने नवा हातमोजा चढवला आणि कुटायला घेतलं. रडली ती, पण तोंड फिरवून. खलात थेंब पडून चालत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने कचऱ्याच्या ट्रेमधून ती रिकामी डबी उचलली. दोन्ही हातमोजे काढले. आता हात लावायला काही हरकत नव्हती. डबी मुठीत घट्ट धरून, ती कोमट होईपर्यंत इरमा फ्रीजरपाशी बसून राहिली.