मागनं येणारे आबा

यवतला स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वर्ड मला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत शिकले, अजून तेच चाललंय. मजकूर माझं ऐकतो. फोटो मात्र ऐकत नाहीत. वर एक ओळ वाढवली की टुणकन खाली उडी मारतात.

त्या दिवशी वच्छलाबाई आणि त्यांचा मुलगा बिरदेव आले. मल्हारीआबांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका करायची होती. बिरदेवच्या हातात दौंडहून करून आणलेला नमुना होता. त्यात आबांना निळा कोट आणि टाय चढवला होता.

"ह्यो कोण सायब?" वच्छलाबाई म्हणाल्या. "सुवर्णा, मला माझा माणूस पायजे पत्रिकेत. परक्याच्या नावानं जेवान कशाला घालू?"

खरा फोटो एकच होता, मेंढरं होती तेव्हाचा, चढावरचा. वर बिऱ्हाड लादलेली घोडी आणि तिचा दोर धरून तरुण वच्छलाबाई. खाली कळपाबरोबर घोंगडीतले आबा, मान वर करून बघत असलेले.

"आईला काप, ताई," बिरदेव म्हणाला. "श्राद्धाच्या पत्रिकेत जित्या माणसाचा फोटो बरा दिसत न्हाई."

"काप मला," वच्छलाबाई म्हणाल्या. "घोडी ऱ्हायली तरी चालंल. ती मेलीय कवाच."

मी दोघींनाही कापलं. आबा एकटेच उरले. त्यांना पानाच्या वर मधोमध बसवलं, खाली नेहमीचा मजकूर टाकला आणि वाचून दाखवला : 'त्यांच्या मागे पत्नी, एक मुलगा, सून व नातवंडे असा परिवार आहे.'

"मागं?" वच्छलाबाईंनी मला थांबवलं. "मी कवा व्हते त्येंच्या मागं? घोडी घिऊन मी म्होरं जायाची. जागा बघायची, चूल पेटवायची. दिस मावळायला त्ये मेंढरं घिऊन मागनं यायचं."

"आई, तशी लिहायची रीत आसती."

"आसंल. पर खोटं हाय त्ये."

बिरदेवनं माझ्याकडं बघितलं. मी कीबोर्डकडं. ती ओळ खोडली आणि वच्छलाबाईंचं नाव खालून उचलून निमंत्रक म्हणून पहिल्या ओळीत टाकलं. तेवढ्यात फोटोनं आपला हिसका दाखवलाच. आबा घसरत घसरत पार तळाला जाऊन बसले.

"थांबा मावशी, चुकलं. वर घेते त्यांना."

"हात नगो लावू!"

त्या स्क्रीनवर वाकल्या. वर त्यांचं नाव, त्याखाली वार, वेळ, ठिकाण, मग बरीच मोकळी जागा. आणि अगदी खाली आबा, मान वर करून त्या नावाकडं बघत असल्यासारखे.

"लोकं हसत्याल, आई. फोटो वर आसतो."

"हसू दी. म्होरं कवा चाललाय का तुझा बाप?"

बिरदेवनं माझ्या शेजारी खुर्ची सरकवली आणि आईला बसायला सांगितलं.

वच्छलाबाईंनी बसल्या बसल्या स्क्रीनवरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "लईच लांब ऱ्हायल्यात. जरा जवळ येऊ दी."

मी एक रिकामी ओळ खोडली. आबा थोडे वर आले.

"आनखी एक," त्या म्हणाल्या.