काळ्या तबकडीवरचा घास

"लावा आता, विद्याबाय. बाया देवळातनं निघाल्या," बलराम दारातून म्हणाला.

विद्यावतीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं. मिस्येंनी बरोबर दहाच सांगितली होती. तिने विजेच्या प्लेटचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पदराला हात पुसला. हात तसा कोरडाच होता.

मॉरिशसमधल्या लाँग माउंटन गावच्या मराठी बैठकीची ती लांबट खोली. संध्याकाळी तिथे मुलं बाराखडी गिरवायची, म्हणून फळ्यावर कालचा 'ज्ञ' अजून तसाच होता. खिडकीला लागून ऊस. मधोमध टेबल, त्यावर मेणकापड, आणि मेणकापडावर दोन नव्या कोऱ्या वस्तू. डावीकडे दोन बर्नरची गॅसची शेगडी, तिच्या खाली निळा बाटला. उजवीकडे विजेची प्लेट, म्हणजे एक पांढरी पेटी आणि तिच्यावर जाड लोखंडाची काळी तबकडी. वादळात अर्ध्या बेटाची छपरं उडाली त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. गावोगाव सिमेंटची घरं उभी राहत होती आणि सिमेंटच्या घरात लाकडाची चूल कुणालाच नको होती. सुनांना नको होती, निदान.

विद्यावती क्युरपिप शहरातल्या शेगड्यांच्या एका दुकानात 'दाखवणारी बाई' होती. दुकानाच्या मालकांना सगळे नुसतं मिस्ये म्हणत. नवरा तापाने गेला तेव्हा ती पस्तिशीची होती. सहावीपर्यंतचं शिक्षण, दुकानापुरतं फ्रेंच, रस्त्याचं क्रिओल आणि घरचं मराठी एवढ्या भांडवलावर तिला ही नोकरी मिळाली, कारण खेड्यातल्या बाया पुरुषाने दाखवलेली शेगडी लांबूनच बघायच्या. सहा वर्षं ती दुकानाच्या गाडीतून फिरत होती. गाडी बलराम चालवायचा, ऑर्डरची वहीही त्याच्याकडेच. ती उभं राहून शिजवायची, उभं राहून बोलायची, उभं राहूनच उत्तरं द्यायची. पिंढऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. सें पिएरच्या खोलीवर परतली की पाय भिंतीला वर टेकवून पडायची आणि मगच लाकडं पेटवायची.

आणि दुकानात, काउंटरच्या मागे, एक खुर्ची होती. गोल, फिरणारी, पाठीला उशी असलेली. त्या खुर्चीवर बसणारी म्हातारी मादाम मुलीकडे फ्रान्सला निघाली होती.

मिस्येंनी तिला परवा गोदामात नेलं. चाळीस प्लेटा खोक्यांत पडून होत्या.

"गॅसवर भात आधी होतो, हे मला कळतं आणि तुलाही," ते म्हणाले. "म्हणून प्लेट आधी तापवून ठेव. गॅसची ज्योत बारीक धर. दोन्ही देगच्या एकदम चढव. खोटं बोल म्हणतोय का मी? फक्त आधी लाव. लाँग माउंटनहून दहा प्लेटांची नावं आण, पहिल्या तारखेपासून तू खुर्चीवर."

बाया आल्या. वीस-बावीस तरी असतील. पोरं कडेवर, चपला दाराशी. सगळ्यांच्या पुढे पुष्पावती, साखर कारखान्याच्या लॉरीवाल्याची बायको, आवाजाने खोली भरून टाकणारी. तिच्या खांद्यावर हात ठेवून कुंतीआजी. सत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांवर दुधासारखा पडदा. चाळीस वर्षं गावच्या गणपतीचा स्वयंपाक या बाईच्या हाताखाली झाला होता. आता मोठी हंडी दुसऱ्या उतरवायच्या, पण मीठ किती ते अजून तिलाच विचारायच्या. बलरामने विद्यावतीच्या कानाशी तोंड नेलं. "म्हातारीनं घेतलं की गाव घेईल. मी चौकशी केलीय."

विद्यावतीने दोन देगच्यांत सारखे तांदूळ, सारखं पाणी घातलं आणि दोन्ही एकदम चढवल्या. गॅसची ज्योत बोटभरही वर येऊ दिली नाही.

"बघा बायांनो. धूर न्हाई, राख न्हाई, डोळ्याला पाणी न्हाई."

"आयो!" पुष्पावती म्हणाली. "मग सासूच्या नावानं रडायचं ते काय सांगून?"

सगळ्या हसल्या. सासवा जरा कमी हसल्या.

"आणि हा निळा बाटला फुटला म्हंजे?" मागून कुणीतरी विचारलं.

"तुला काय भ्या गो? तुझ्या घरी तर शनवारी पगार झाला की हमखास फुटतोय एक!" पुष्पावती म्हणाली.

"मर मेली!"

देवकी नावाची एक किडकिडीत बाई पुढे आली. "वादळाचं सांगा, बाय. मागल्या टायमाला वीस दिस वीज नव्हती आमच्याकडं. मग ही पेटी डोक्यावर ठेवू?"

"तेवढ्यापुरतं लाकूड हायेच की," विद्यावती म्हणाली. हे उत्तर तिचं पाठ होतं. "पण रोजचं बघा. बाटला संपायची भीती न्हाई, वाहून आणायचा न्हाई. बटण फिरवलं, काम झालं."

दोन्ही देगच्यांची झाकणं एकाच वेळी थडथडू लागली.

"बराब्बर की गो!" बायांमध्ये कुजबुज झाली. प्लेट दिसायला सुबक, बाटल्याचं भय नाही, आणि भातही गॅसच्या बरोबरीने. नावं यायला लागली. बलराम मान खाली घालून लिहीत होता. चार झाली. सात झाली.

"माझंबी लिव," कुंतीआजी म्हणाली. "नातू राती येतो कारखान्यातनं. दिसभर मी एकटी. लाकूड फोडवत न्हाई आता."

त्यासरशी आणखी तिघींनी नावं सांगितली. अकरा. विद्यावतीच्या पाठीला ती उशी टेकल्यासारखी वाटली, खरोखरच. तिने भात बघितला. मोकळा झाला होता. तिने प्लेटचं बटण उलटं फिरवलं, गॅस बंद केला, दोन्ही देगच्या बाजूला उतरवल्या.

"बंद केलीस?" कुंतीआजीने विचारलं.

"हो, आजी. बंद केली."

"मग दे शितं."

म्हातारी टेबलाची कड चाचपत पुढे आली. विद्यावतीला कळलं. तिची आईही तेच करायची. अन्न उतरलं की पहिली चार शितं चुलीतल्या विस्तवाला. ज्याने शिजवलं त्याचा घास आधी, मग घरातल्यांचा. तिने डावावर थोडा भात दिला. कुंतीआजीने तो चिमटीत घेतला आणि प्लेटच्या दिशेने कान करून जरा वेळ थांबली. काही ऐकू येतं का ते बघत असावी.

"ह्याला इस्तू न्हाई म्हणतेस. मग घास द्यायचा कुठं?"

"वरच ठेवा, आजी," पुष्पावती म्हणाली. "काळं गोल हाय बघा."

आणि कुंतीआजीने ती शितं देवापुढच्या पानावर ठेवावीत तशी, हलकेच, बोटं टेकवून त्या काळ्या तबकडीवर ठेवली.

चर्र झालं. म्हातारी ओरडली नाही. तिने हात मागे ओढला आणि दोन बोटं कानाच्या पाळीला लावली. तबकडीवर शितं तांबूस झाली, मग काळी.

"तू बंद केली म्हणालीस गो," ती म्हणाली.

आवाजात राग असता तर विद्यावतीला बरं वाटलं असतं.

"जरा कोमट राहतंय मागनं," बलराम घाईने म्हणाला. "की पु फेर, काय करणार, नवी वस्तू..."

"कोमट?" पुष्पावतीने म्हातारीचा हात उजेडात धरला. "कातडं गेलंय, मो दिर, मी सांगते! कोमट म्हणे!"

कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. कुंतीआजी बोटं तांब्यात बुडवून बाकावर बसली. "मी काय म्हणते," ती हळूच म्हणाली, "लाकूड बोलतं. चटचटतं, अंगावर येतं, मला कळतं त्याचं. ही बया पेटली तरी गप, विझली तरी गप. तुझी आई माझ्यासारखी असती, घरात एकटी, अशा डोळ्यांची, तर काय दिलं असतंस तिला? तूच सांग. मी तेच घेते."

सगळ्या बाया विद्यावतीकडे बघत होत्या. ती मात्र बलरामच्या हातातल्या वहीकडे बघत होती. त्याने पेन्सिल कानावर ठेवली होती आणि डोळ्यांनी तिला सांगत होता, बोलू नका, बोलू नका.

"ही न्हाई दिली असती," विद्यावती म्हणाली. "गॅस दिला असता."

मग तिला थांबता येईना. "आणि आणखी एक सांगते. ही प्लेट तुम्ही यायच्या आधी दहा मिनिटं मी लावून ठेवली होती. गॅस बारीक धरला होता. भात म्हणून बरोबरीनं झाला."

एक पोर रडलं, त्याच्या आईने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"थांबा," विद्यावती म्हणाली. "पुन्यांदा करते. थांबणार का?"

बाया थांबल्या. प्लेट गार व्हायला बराच वेळ गेला. प्रत्येकीने जाता-येता तळवा वर धरून बघितलं आणि हात मागे घेतला. मग तिने पुन्हा सारखे तांदूळ, सारखं पाणी घातलं. या वेळी गॅस पूर्ण सोडला. ज्योत फर्र करून उठली तशी कुंतीआजीने बाकावरून मान वळवली.

"हा बोलतो की!"

गॅसवरचा भात उतरला तेव्हा प्लेटवरच्या पाण्याला नुकते बुडबुडे धरत होते. तरी विद्यावतीने प्लेटला नावं ठेवली नाहीत. वाईट वस्तू नाही, ती म्हणाली. भाड्याची खोली आहे, बाटला ठेवायला जागा नाही, पोराचं दूध तापवायचंय, तर चांगली आहे. पण बंद केल्यावर तिच्याकडे पोर फिरकू द्यायचं नाही. आणि गॅसचं असं, की वास आला तर काडी ओढायची नाही, आधी खिडकी. तिने चावी कशी फिरवायची, नळी कुठे तपासायची, सगळं दाखवलं. इतकं तिने सहा वर्षांत कुठल्याच गावात सांगितलं नव्हतं.

"तुमच्या घरी काय हाय, बाय?" देवकीने निघताना विचारलं.

"लाकूड," विद्यावती म्हणाली. आणि त्या दुपारी सगळ्यांत मोठ्याने बाया तेव्हा हसल्या.

परतताना गाडी उसातून बरीच पुढे आल्यावर बलरामने कानावरची पेन्सिल काढून वहीवर टाकली. मग म्हणाला, "अकरा होती. आता तीन. तीन प्लेटा आणि म्हातारीचा एक गॅस. बाकीच्या म्हणतात, घरी विचारून सांगतो."

"असू दे."

"मिस्येंना मी काय सांगू?"

"सांग, प्लेट गार व्हायला लई वेळ लागतो."

त्याने तिच्याकडे बघितलं, हसावं की नाही ते न कळून, आणि गिअर बदलला.

मिस्ये ओरडले नाहीत. पहिल्या तारखेला विद्यावती दुकानात आली तेव्हा खुर्चीवर इंद्राणी नावाची मुलगी बसली होती. नखं रंगवलेली, स्वभावाने गोड. नवी होती म्हणून खुर्ची एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून बघत होती. विद्यावतीला मिस्येंनी महिन्याच्या गावांची यादी दिली. गेल्या महिन्यापेक्षा ती लांब होती, आणि त्यात डोंगराकडची गावं जास्त होती. तिने घडी करून पर्समध्ये ठेवली.

यादीत लाँग माउंटन नव्हतं. तरी कुंतीआजीची शेगडी पोचवायला बलरामबरोबर तीच गेली. बलरामने बाटला आत ठेवला आणि तो गाडीत जाऊन बसला. पत्र्याच्या छपराचं दोन खोल्यांचं घर, मागे आंब्याचं झाड, जुन्या चुलीत अजून राख.

विद्यावतीने म्हातारीचा हात धरून चावीवर ठेवला. इकडे फिरवली की सोडला, इकडे की बंद. बोटांवरची कातडी नवी आली होती, गुलाबी. दोघींनी चार वेळा पेटवला, चार वेळा विझवला. पाचव्यांदा कुंतीआजीने एकटीने काडी ओढली. फर्र झालं आणि तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडलं.

"ऐकलंस? मोठा केला की जोरात बोलतो. बारीक केला की पुटपुटतो. आमच्या ह्यांच्यासारखाच हाय."

तिने भात टाकला. आधीची आमटी होती ती गरम केली. भात उतरल्यावर चार शितं चिमटीत घेऊन तिने ज्योतीच्या आवाजाच्या रोखाने वरूनच सोडली. तडतड झालं. तिने मान डोलावली आणि चावी फिरवली.

"बंद झाला?"

"झाला, आजी. पण हात लावू नका इतक्यात."

"न्हाई लावत. शिकले मी." कुंतीआजी हसली. ताटल्या काढता काढता तिने पायाने काहीतरी चाचपलं आणि भिंतीकडून एक बुटका लाकडी पिढा पुढे सरकवला. बसून बसून त्याची मधली फळी गुळगुळीत झाली होती.

"बस त्याच्यावर. इथं खुर्ची न्हाई."

"नको आजी, बलराम थांबलाय बाहेर. मी उभ्यानंच..."

"बस म्हणते ना गो. तू दारातल्या दोन पायऱ्या चढलीस ना, तेव्हाच मी तुझे गुडघे ऐकले."

विद्यावती बसली. पाय पुढे लांब केले. म्हातारीने तिच्यापुढे ताटली ठेवली आणि भाताच्या मधोमध, अंदाजाने पण बरोबर, आमटी वाढली.