पत्रकात नसलेलं अळू

१२ सप्टेंबर १९८३, सोमवार. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी उर्सुला लोपीस बावखलाच्या काठावर एकाएकी खाली बसली आणि तिला उठता येईना.

एमिली, तिची भावजय, दहा पावलांवर अळूची पानं कापत होती. बावखल म्हणजे वाडीतलं लहानसं तळं. उमराळ्याच्या लोपीसांच्या वाडीत त्याच्या चारी बाजूंनी अळू माजलेलं असे. एमिलीला आधी वाटलं, बायचा पाय घसरला. जवळ जाऊन पाहिलं तर उर्सुलाने उजवी कंबर दोन्ही हातांनी आवळली होती आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

"बाय, काय झालं गं?"

"काही नाही. ॲन्सूला बोलाव. आणि बोंब मारू नकोस, शेजारपाजार गोळा होईल."

ॲन्सेल्म, उर्सुलाचा धाकटा भाऊ आणि एमिलीचा नवरा, केळीला पाणी सोडत होता तो तसाच चिखलाच्या पायांनी धावत आला. शेजाऱ्याचा केळी वाहणारा टेम्पो मिळाला. सोपाऱ्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मूत्रखडा दिसतो. याआधी कधी पडलाय?"

"दोनदा," उर्सुला म्हणाली.

एमिलीने चमकून तिच्याकडे पाहिलं. एका घरात दोन वर्षं राहून तिला यातला एकही ठाऊक नव्हता.

"मुंबईला न्या," डॉक्टर म्हणाले. "हे माझ्या आवाक्यातलं नाही."

उर्सुला १९६६ साली नर्स म्हणून लंडनला गेली. एमिली लग्न होऊन घरात आली ती दोन वर्षांनी, त्यामुळे तिने नणंद पाहिली ती भिंतीवरच्या फोटोत. पांढऱ्या झग्यातली बाई डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत फ्रेम भरून उभी होती. १९८१च्या मे महिन्यात उर्सुला कायमची परत आली तेव्हा विमानतळावर ॲन्सेल्म तिच्यासमोरून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्याने तिला ओळखलं नाही. तिसऱ्यांदा तिनेच त्याची कॉलर धरली. "गाढवा, आईच्या मयताला आला नाहीस तर नाही, आता बहिणीलाही ओळखत नाहीस?" आईच्या मयताला न येणारी खरं तर तीच होती. पण भांडण आधी सुरू करायचं ही त्या घरची जुनी रीत.

गावाने आपापले तर्क केले. विलायतेच्या थंडीने खाल्लं, कोणी म्हणालं. क्षय, कोणी कुजबुजलं. पोटावर उभा लांब व्रण होता. तो पित्ताशयाच्या ऑपरेशनचा, असं उर्सुलाने एमिलीला सांगून टाकलं होतं. लग्नाच्या मांडवात ती जेवायला बसत नसे. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराशी बसे. "मडमेला आमचं जेवण चालत नाही," बायका एमिलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. खरी गोष्ट घरातल्यांनाच माहीत होती. दिवसातून आठ-दहा वेळा तिला परसाकडे पळावं लागे आणि वेळ सांगून येत नसे. ती त्यावरही विनोद करी. "माझी अख्खी जपमाळ तिथंच पूर्ण होते. मरियेला सगळ्यात जास्त प्रार्थना आमच्या संडासातूनच पोचत असतील."

एमिलीने एवढंच जाणलं, की अंगात रक्त नाही. आणि रक्त वाढवायचं तर वाडीत काय कमी होतं? आठवड्यातून तीनदा अळू. कधी आंबट चुका आणि दाण्याचं कूट घालून, कधी सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घालून. उर्सुला दोनदा वाढून घेई, तिसऱ्यांदा एमिली आग्रहाने वाढी. घरात सर्वांत जास्त जेवणारी बाई घरात सर्वांत बारीक होती, याचं कोडं काही एमिलीला सुटलं नव्हतं.

मुंबईला आगगाडीने जायला उर्सुलाने साफ नकार दिला. गाडीत संडास नाही. मग तोच टेम्पो, हमरस्त्याने. वाटेत तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा एमिली पेट्रोल पंपाच्या मागे आडोसा धरून उभी राहिली.

मोठ्या इस्पितळातले डॉक्टर नेरूरकर पन्नाशीचे, सर्जन. उर्सुला नर्स आहे म्हटल्यावर ते तिला सिस्टर म्हणू लागले. सगळ्या तपासण्या व्हायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"हा पोटावरचा व्रण कशाचा म्हणालात?"

"पित्ताशय काढलं. त्र्याहत्तर साली."

"सिस्टर, पित्ताशय जिथल्या तिथं आहे. त्यातसुद्धा दोन खडे आहेत."

उर्सुलाने एमिलीकडे पाहिलं. "तू जरा बाहेर बस." एमिली उठली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा उर्सुला म्हणाली, "नको. ये. कधीतरी कळायचंच."

मग ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती द्यावी, त्याच सुरात तिने सांगितलं. वय चौतीस. वजन एकशे अठरा किलो. उपाशी राहून, गोळ्या खाऊन काही झालं नाही. ती काम करत होती त्याच इस्पितळात वजन कमी करण्याचं ऑपरेशन नव्याने सुरू झालं होतं. लहान आतडं वीस-एकवीस फूट असतं. त्यातलं वरचं आणि खालचं टोक मिळून दीड फूट जोडायचं, बाकीचं बाजूला बंद करून ठेवायचं. खाल्लेलं अंगी लागायच्या आत निघून जातं. दोन वर्षांत साठ किलो उतरले.

"बाकीचं आतडं?" एमिलीने विचारलं.

"आहे की. आतच. बिनकामाचं."

डॉक्टरांनी मान हलवली. "जेवणात काय असतं?"

याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे असं एमिलीला वाटलं आणि तिने ते अभिमानाने दिलं. "चांगलं असतं, डॉक्टर. रक्त वाढावं म्हणून अळू. आठवड्यातून तीनदा तरी. चुका घालते, दाण्याचं कूट घालते. सगळं घरच्या वाडीतलं, बाजारचं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, तिकडे तुम्हाला काय खायचं नाही ते सांगितलं नव्हतं?"

उर्सुलाने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं एक पत्रक काढलं. दहा वर्षांच्या घड्यांनी ते फाटायला आलं होतं. त्यावर इंग्रजीत सात-आठ नावं छापली होती. पालक, बीट, चॉकलेट, कडक चहा आणि तिकडच्या कुठल्या कुठल्या भाज्या.

"पालक मी दहा वर्षांत जिभेला लावला नाही. बीट नाही. चॉकलेट नाही. चहा एक कप, तोही भरपूर दुधाचा."

"आणि अळू?"

"अळू यात नाही."

"कसं असेल?" डॉक्टर म्हणाले. "हे लिहिणाऱ्याने अळू जन्मात पाहिलं नसेल." मग ते एमिलीकडे वळले. "अळू नीट शिजलं नाही तर काय होतं?"

"घसा खवखवतो."

"का? त्यात सुयांसारखे बारीक कण असतात. ज्या क्षाराचे ते कण, त्याच क्षाराचा यांचा खडा. तुमच्या-माझ्या पोटात त्यातला बराचसा चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, बांधला जातो आणि बाहेर पडतो. यांच्या पोटात चुना आधीच न पचलेल्या चरबीवर खर्च होतो. हा सुटा राहतो, रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. पालकात असतो तसाच अळवात, चुक्यात, दाण्यातही."

"पण मी चिंच घालते," एमिली म्हणाली.

"चिंचेने घसा वाचतो, बाई."

डॉक्टर पुढे सांगत होते ते तिला लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. उजवं मूत्रपिंड जवळजवळ गेलं आहे. डावं निम्मं चालतं. यकृताला सूज आहे. दोष एकट्या अळवाचा नाही, अळवाने घाई केली एवढंच. पथ्य आणि चुन्याच्या गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल. खरा उपाय एकच, आतडं होतं तसं पुन्हा जोडायचं. नाताळच्या आत.

"आणि वजन?" उर्सुलाने विचारलं.

"परत येईल. खोटं कशाला सांगू? बहुतेक सगळं येईल."

"विचार करून सांगते," उर्सुला म्हणाली.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी एमिलीने फावडं घेतलं आणि बावखलाच्या काठचं अळू उपटायला सुरुवात केली. वाडीत कामाला येणारी आचोळ्याची नर्मदा तोंडाला पदर लावून बघतच राहिली.

"एमिलीबाय, अळवानं काय घोडं मारलं तुमचं? पानी घालून घालून वाढवलं ना?"

"जहर आहे ते."

"जहर? मग म्या नेते घरी. आमच्याकडे खातात सगली, अजून कोन मेला नाय."

"ने. सगळं ने. माझ्या डोळ्यांसमोर नको."

उर्सुला काठी टेकत आली. नर्मदा भारा घेऊन गेली तेव्हा तिने एमिलीच्या हातातलं फावडं काढून घेतलं. "अळवाचा राग कशाला काढतेस? मी मागितलं, तू वाढलंस."

"मला काय माहीत होतं, बाय? तू नर्स. तू एका शब्दाने बोलली असतीस तर?"

"मला संशय आला होता."

एमिली हातातली अळूची मुळी टाकून तिच्याकडे वळली.

"पहिला खडा पडला तेव्हाच. घशाला टोचतं ते आत काय करत असेल, हे न कळण्याएवढी मी काही अडाणी नाही. पण कागदावर नाव नव्हतं. नाव नाही तर चालतं, असं मी स्वतःला समजावलं."

"पण का?"

उर्सुला तळ्याच्या दगडावर बसली. "आमची आई माझ्या ताटातली भाकरी उचलून ॲन्सूच्या ताटात टाकायची. पाहुण्यांसमोर. वाईट नव्हती गं ती. पोरीचं लग्न व्हावं म्हणून करायची. मी वीस वर्षं या घरात जेवले, कोणी मला कधी 'अजून घे' म्हणालं नाही. तू म्हणालीस. पहिल्याच दिवशी. 'अजून घे, बाय, काही खाल्लं नाहीस.' आणि पळी ओतलीस."

एमिलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते मातीच्या हाताने पुसलं आणि गाल काळा झाला.

"जोडून घे, बाय. डॉक्टर सांगतात तर घे जोडून."

"जोडलं तर ती भिंतीवरची परत येईल. मग एकशे अठरा किलोच्या बाईला तू म्हणशील, अजून घे?"

एमिलीने तोंड उघडलं. मनात फोटो आला, मांडवातल्या बायका आल्या.

"म्हणेन," ती म्हणाली.

"लगेच नाही म्हणालीस."

"म्हणेन म्हटलं ना!"

"ऐकलं मी. उशीर पण ऐकला." उर्सुला हसली. रागावली नव्हती. एमिलीला तेच जास्त लागलं.

पुढचे सहा आठवडे घरात या विषयावर रोज बोलणं झालं आणि निष्पन्न काही झालं नाही. ॲन्सेल्म एकदा भडकला. "जाडी झालीस तर झालीस, मरण्यापेक्षा बरं की नाही?" उर्सुला म्हणाली, "तू जाडा नव्हतास. माझी भाकरी खाऊनसुद्धा." तो ताटावरून उठून गेला. अळू बंद, चुका बंद, दाणे बंद. तरीही ऑक्टोबरच्या मध्यावर उर्सुलाचे पाय सुजले. एक दिवस ती दारात उभी राहून म्हणाली, "इस्पितळात जाते. जोडायचं की नाही ते तिथं ठरवीन. तू येशील?"

३१ ऑक्टोबरला तिला दाखल करून घेतलं. ऑपरेशनला अंग धरावं म्हणून दोन आठवडे शिरेतून ताकदीचं पाणी दिलं. वजन चोपन्न होतं, छप्पन झालं. त्या दोन किलोंनी उर्सुला अस्वस्थ झाली. मनगटाभोवती अंगठा आणि बोट जुळवून ती दिवसातून कितीदा तरी बघू लागली. एमिली स्टुलावर बसून ते बघे.

सोमवार, १४ नोव्हेंबर. सकाळी आठला संमतीचा कागद आला. आयुष्यभर दुसऱ्यांकडून असे कागद सही करून घेतलेल्या उर्सुलाने तो दोनदा वाचला आणि उशीवर ठेवला. नऊला डॉक्टर आले.

"थोडं कमी जोडता येईल का? अर्धं?"

"मी तसं कधी केलेलं नाही, सिस्टर. आणि तुमच्यावर शिकणार नाही."

"नाही केलं तर?"

"डावं मूत्रपिंड किती दिवस टिकेल ते मला सांगता येत नाही. वर्ष म्हणा. कमीही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "तुमचं नाव यादीत शेवटी टाकतो. दोन वाजेपर्यंत वाट बघेन."

ॲन्सेल्म व्हरांड्यात येरझारा घालत राहिला. साडेअकराला उर्सुला एमिलीला म्हणाली, "काहीतरी बोल ना."

"काय बोलू? बोलले की तू माझं बोलणं तोलतेस."

"मग नको बोलूस. बस."

एमिलीने स्टूल पलंगाला लावलं आणि तिच्या पायांवर हात ठेवला. सुजेत बोटांचे ठसे उमटले आणि तसेच राहिले.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी उर्सुलाने पेन मागितलं. गुडघ्यावर कागद घेऊन तिने तारीख घातली. शेजारी वेळ घातली, नर्सा घालतात तशी, मिनिटासकट. सहीच्या रेघेवर पेन टेकवलं, उचललं आणि टोपण न लावता चादरीवर ठेवलं.

एक वाजून दहा मिनिटांनी वॉर्डबॉय विचारायला आला तेव्हा सहीची जागा मोकळी होती.