अंबाजी घरी पोचला का?

सुपात तुरीच्या शेंगा.

कोणालाच वाचता न येणारा राजा.

एक जोराची फुंकर.

कोठी बाजारातल्या दुकानाची काच, तिच्यावर टेकलेलं कोपर.

"ठीक है."

मित्रांनो, हे तुकडे माझ्या एकाच आयुष्यातले आहेत. मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, टीव्हीवर खेळायच्या गेमची.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यात एक अख्खा देश भरला गेला: डोंगर, समुद्र, गावं, गादी गमावलेला राजा आणि घरातून निघालेला एक मुलगा. त्याने चालायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, वेळ आली तर लढायचं. आणि माझ्या पोटात बटणाएवढा सेल बसवला. खेळणारा जिथे थांबेल ती जागा त्या सेलाच्या जोरावर मी लक्षात ठेवत असे. इतर कॅसेट बटण बंद झालं की सगळं विसरत. मी विसरत नसे, आणि याचा मला फार गर्व होता.

त्या वर्षांत बाजार नुकता उघडला होता. पूर्वी दुबईहून येणाऱ्यांच्या बॅगेतून निघणाऱ्या वस्तू आता सिकंदराबादच्या हातगाड्यांवर दिसू लागल्या होत्या. तशाच एका गाडीवरून रेल्वेत नोकरी करणाऱ्या श्रीपतीने मला उचललं आणि हैदराबादेत नल्लकुंट्याच्या घरी मुलांसाठी आणलं.

थोरल्या प्रज्ञेशने मला थोडा वेळ खेळवलं आणि निकाल दिला, "बेकार नाही. पण नुसतं चालायलाय हा. कौन खेलता इसको?"

धाकटी दीपमाला मात्र खेळली. तिच्यामागे आजी, मालनबाई, सूप घेऊन शेंगा सोलत बसायच्या. माझ्यातलं प्रत्येक अक्षर जपानी. राजा बोलू लागला की मालनबाई विचारायच्या, "का म्हणलाय गं राजा?"

दीपमालाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती बेधडक सांगायची, "राजा म्हणतोय, माझी गादी परत आणून दे, मग तुला घरी जाऊ देतो."

"आन् ह्याची माय?"

"माय घरीच आहे ना. वाट बघायलीय."

मालनबाईंचा हात सुपात थांबला. "मग ह्याचं नाव अंबाजी," त्या म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी एकच प्रश्न. "पोचलं का गं अंबाजी घरी?"

"नाही आजी. अजून समुद्र आहे."

"मग आदी दोन घास खाऊ घाल लेकराला."

दीपमाला अंबाजीला जवळच्या गावातल्या खाणावळीत न्यायची. मी तिथेच त्याची जागा लक्षात ठेवायची. अशी आमची तिघींची गाडी छान चालली होती. मी अडखळले तर दीपमाला माझ्या तोंडात फुंकर मारायची. मला वाटायचं, यालाच माया म्हणतात.

अंबाजी समुद्रकाठच्या शेवटच्या गावी आला. आणि प्रज्ञेशला गाड्यांच्या शर्यतीची कॅसेट हवीशी झाली.

कोठी बाजारातल्या एका दुकानात पद्धत अशी होती: आपली कॅसेट द्यायची, दुसरी न्यायची, मन भरलं की पुन्हा बदलायची.

"आणि अंबाजी?" दीपमालाने विचारलं.

"अगं हौली, येडी का तू? तो गेमच्या मशीनमध्ये राहतो. मशीन तर आपल्याच घरी आहे ना! कॅसेटला काय याद राहतं? पुढच्या महिन्यात परत आणू."

तिला ते पटलं. तिच्या मुठीत मी ओरडत होते, अगं, माझ्यात आहे तो! पण कॅसेटला आवाज मशीनमध्ये बसवल्यावरच फुटतो.

दुकानदार चाचांनी काचेवर कोपर टेकून विचारलं, "कैसा है गेम, बेटी?"

मी वाट पाहत होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "ठीक है. थोडा स्लो है."

दुसऱ्या कोणी मला नेऊ नये म्हणून तसं म्हटलं, असं तिने रस्त्यातच प्रज्ञेशला सांगितलं म्हणे. असेलही. वाईट म्हणाली असती तर मी सोसलं असतं. ठीक?

मला नेलंच कोणीतरी. त्या घरातल्या घाईच्या पोरांनी न वाचता येणाऱ्या ओळींवर धडाधड बटणं दाबली. समुद्रकाठचा अंबाजी पुसला गेला. मला तो आठवत होता, दाखवता येत नव्हता.

दीपमालाने शब्द पाळला. मला परत आणलं, फुंकर मारली, बटण दाबलं.

पडद्यावर एक छोटं घर आलं. चूल. चुलीपुढे बाई. दारात मुलगा. खेळ पहिल्यापासून सुरू झाला होता.

"अरे, ये तो सब..." प्रज्ञेश बोलू लागला. दीपमालाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

मालनबाई सूप बाजूला ठेवून पुढे सरकल्या. "चूल दिसायलीय. घर हाय का गं हे? पोचलं का?"

दीपमालाने कंट्रोलर खाली ठेवला. मग म्हणाली, "हौ आजी. पोचला. माय म्हणतीय, आधी हातपाय धू."

मालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बंद कर आता. निजू दे त्याला."

त्यानंतर मला कोणी लावलं नाही. मी बुटांच्या खोक्यात पडून आहे. माझ्या पोटात खरा शेवट होता: समुद्रापलीकडचा किल्ला, राजाची गादी, भरलेला दरबार. तो या घरात कोणीच पाहिला नाही. आणि दीपमाला मोठी झाली, कंपनीत लागली. एकदा घरी आलेल्या मैत्रिणीने मला पाहून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ठीक होता. जरा हळू होता. पण शेवट चांगला होता."

शेवट!

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी काही लक्षात ठेवत असेल, तर ते कुठे ठेवलंय हे आधी विचारा. मग ती वस्तू दुसऱ्याच्या हाती द्या. आणि जमलं तर तिला शेवटपर्यंत पाहा. ठीक म्हणायचं ते त्यानंतर म्हणा.

मालनबाई लहान असताना त्यांचा धाकटा भाऊ अंबाजी परभणीकडच्या गावातून हैदराबादला कामाला निघाला होता. तो घरी परतला नाही.