दार उघडणारी पत्रिका

सिंदेवाहीत कोणाचा वाढदिवस असो की नोकरीचा निरोप, कार्ड पाहिजे तर पिंकीकडे जायचं, हे ठरलेलंच होतं. तिच्या कार्डातली पट्टी ओढली की बगळा मान वाकवून तळ्यातला मासा उचलायचा, चकती फिरवली की आंब्याचा मोहोर जाऊन कैऱ्या यायच्या. सांध्याला ती दोरा ओवून दोन्हीकडून गाठ मारायची. ओढायच्या पट्टीला मात्र दवाखान्यातून टाकून दिलेली एक्स-रेची फिल्म कापून लावायची, कारण कागद चार वेळा ओढला की मऊ पडतो. हे सगळं तिचं तिनंच शोधलेलं.

बाप हरिदास राइस मिलमध्ये हमाल, माय मीराबाई धानाच्या रोवण्याला, कापणीला जाणारी. दोन लेकरांचं शिक्षण एकदम झेपणारं नव्हतं, तेव्हा दहावीनंतर पिंकी घरी बसली आणि तीन वर्षांनी लहान असलेला नागसेन नागपूरला कॉलेजात गेला. पिंकीनं हे कधी बोलून दाखवलं नाही. तो शिकला, तिथंच एका कंपनीत लागला. हळूहळू घरी येणं कमी झालं आणि बोलण्यातलं ‘मले-तुले’ जाऊन ‘मला-तुला’ आलं. माय कौतुकानं म्हणायची, “सायबावानी बोलते माहा पोरगा.”

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात तो अचानक आला.

“बाई,” तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा. “एका मित्राचं लग्न आहे. लोक पाहतच राहतील अशी पत्रिका पाहिजे त्याला. तुझ्याशिवाय कोण करणार?”

“कोणता मित्र रे?”

“ऑफिसातला. आपल्यातलाच, बौद्ध आहे, नवरीला पांढरी साडी रंगव. खालची जागा कोरी ठेव, मजकूर नागपुरात छापून चिकटवू.”

पिंकीनं जीव ओतला. पट्टी ओढली की दाराची दोन्ही कवाडं उघडायची, आत नवरा-नवरी दिसायचे, आणखी ओढली की दोघांचे हार धरलेले हात वर यायचे. शंभराच्या वर कार्डं होती. माय कडा कापायची. बाबा मिलमधून आले की हातपाय धुऊन बसायचे आणि तयार झालेलं एकेक कार्ड ओढून पाहायचे. कवाडं उघडली की कागदाच्या त्या जोडप्याकडे पाहून म्हणायचे, “सुखी राहा पोरायहो!” पिंकी हसायची. “बाबा, हरेक कार्डाले आशीर्वाद देसान तर जेवान कवा?”

नागसेन येऊन कार्डं घेऊन गेला. जाताना त्यानं बाबांकडे पाहिलं नाही, पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

उन्हाळा लागता लागता जीपवाला भूपेश दारात आला. एका सायबाच्या घरच्यांना तो नागपूरला लग्नाला घेऊन गेला होता. “पिंकीबाई, हे जीपमधी राहून गेलं होतं. म्हटलं, हे काम आपल्या पिंकीबाईचंच! मी त जीपपाशीच होतो, पण लोक ओढू ओढू पाहून राह्यले होते.”

कार्ड देऊन तो खुशीत निघून गेला. आतला मजकूर त्यानं वाचलाच नव्हता.

पिंकीनं पट्टी ओढली. दार उघडलं, हात वर आले. मग तिनं खालची छापील अक्षरं वाचली. नवऱ्या मुलाचं नाव नागसेन. त्याखाली: ‘कालकथित हरिदास व कालकथित मीराबाई यांचे सुपुत्र’.

तिला वाटलं, छापणाऱ्याची चूक असेल. वाटलं, दुसराच कोणी नागसेन असेल. पण आडनाव तेच होतं, गाव तेच होतं. बौद्ध घरांत मेलेल्या माणसाच्या नावामागे लिहितात तो शब्द तिच्या आईबापाच्या नावांना चिकटवला होता, आणि माय समोर अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती.

“काय म्हणे भूपेश?” मायनं विचारलं.

“काई नाई. कार्डशीट संपले, उद्या नागपूरले जातो.”

नागभीडहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं ती नागपूरला गेली. पत्रिकेवरचा पत्ता दोन ठिकाणी विचारत घर सापडलं. दार एका गोऱ्या, हसऱ्या पोरीनं उघडलं. तिच्यामागे काचेच्या कपाटात ती पत्रिका उभी करून ठेवली होती. तेवढ्यात नागसेन आतून आला आणि जागीच थांबला.

“रुपाली, ह्या... आमच्या गावाकडच्या,” तो म्हणाला. “त्या कार्डवाल्या बाई.”

बाई. तोच शब्द, पण आता दुकानात अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणावा तसा.

“तुम्हीच का त्या? या ना, बसा!” रुपालीनं तिचा हात धरून बसवलं. पाणी दिलं, चहा टाकला, आणि समोर बसून हळू आवाजात विचारलं, “यांचे आई-वडील तुम्ही पाहिले असतील ना? कसे होते हो? मी विचारलं की यांच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून विचारतच नाही.”

पिंकीनं नागसेनकडे पाहिलं. तो नजरेनं विनवत होता. लहानपणी काही फोडलं की असाच पाहायचा, आणि ती दर वेळी आळ आपल्यावर घ्यायची.

“चांगले आहेत,” ती म्हणाली. “बाबा आज सकाळी मिलवर गेले. माय घरी आहे. अन् मी ह्याची सख्खी बहीण, पिंकी.”

गॅसवरचा चहा उतू गेल्याचा वास आला, पण रुपाली उठली नाही. ती फक्त नवऱ्याकडे पाहत राहिली.

“काऊन आलीस बाई तू?” नागसेनच्या तोंडून कितीतरी दिवसांनी घरची बोली निघाली. “हिचे वडील मोठे अधिकारी. हमालाच्या पोराले देल्ली असती का पोरगी?”

“नसती देल्ली तर नसती देल्ली. लाज वाटत होती तर नाव नसतं सांगाचं. पण मारून काऊन टाकलंस?”

पिंकी उठली.

गाडीत तिनं ठरवलं होतं, घरी काही सांगायचं नाही. पण रिकाम्या हातानं आलेली पाहून मायनं विचारलं, “कार्डशीट कुठी आहे?” आणि तिला खोटं सुचेना. तिनं पिशवीतून पत्रिका काढून बाबांच्या हाती दिली.

हरिदास प्रौढ वर्गात वाचायला शिकलेला माणूस, एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचायचा. त्या शब्दाशी बोट आलं आणि थांबलं. पुढे सरकलं, दुसऱ्यांदा तोच शब्द आला.

“हे मीनंच पाहून देल्लं होतं ना?” त्यानं विचारलं.

“हो बाबा.”

“सुखी राहा म्हटलं होतं.”

“हो.”

मग मीराबाईला कळलं आणि ती भिंतीला धरून खाली बसली. कोणी मेल्यावर रडतात तशी ती रडली. हरिदास तिच्याजवळ जाऊन बसला.

पावसाळ्याआधी रुपाली एकटीच आली. सासूसासऱ्यांच्या पाया पडली. हरिदासनं तिला खाटेवर बसवलं, घरच्यांची विचारपूस केली, पोराचा विषयसुद्धा काढला नाही. मीराबाईनं तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि पोराची तब्येत विचारलीच.

निघताना रुपाली पिंकीजवळ आली. “ताई, ते रोज रडतात. येऊ का म्हणून विचारतात.”

“येऊ दे. माय वाट पाहून राह्यली. ते दोघं माफ करतीन त्याले, मायबाप आहेत.”

“आणि तुम्ही?”

“खोटं बोलला, ते सोडून देल्लं असतं. पण आईबापाच्या मरणाचा कागद त्यानं माह्या हातून करून घेतला. अन् मी रात्रंदिवस खपून, खुशीनं केला. बाबाकडून त्याले आशीर्वाद देववला. आता त्याचं काय करू मी, तूच सांग.”

नागपूरच्या बसची वेळ झाली तशी रुपाली निघाली, आणि पिंकी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेली.